मी औषध नाही, किट मागवलं होतं

पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा. भाचीला आधी वाचून दाखवली आणि तिच्या परवानगीने टाकतोय. दोन वाक्यं तिने काढायला लावली, ती काढली.

कर्वेनगरमध्ये माझं मेडिकलचं दुकान आहे. १९९६ साली टाकलं, या जूनमध्ये तीस वर्षं होतील. ऑनलाइन औषधांबद्दल केमिस्ट काही बोलला की लोक हसतात. म्हणतात, गिऱ्हाईक तुटलं म्हणून ओरडताय. खरंय, तुटलंय. दर महिन्याला बीपी-शुगरच्या गोळ्या नेणारी बांधलेली घरं माझ्याकडे होती, त्यातली निम्मी गेली. सवलत मला परवडत नाही तेवढी तिकडे मिळते. लपवण्यासारखं त्यात काही नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो आणि मग मुद्द्यावर येतो.

गेल्या भाऊबीजेची गोष्ट. बहीण, मेव्हणे, भाची आणि तिचा नवरा आमच्याकडे जेवायला होते. भाची सत्तावीस वर्षांची, बाणेरला राहते, लग्नाला दीड वर्ष झालंय. जेवणं झाली, बायका ताटं उचलायला लागल्या आणि हिने पर्समधून एक गुलाबी कागदी पाकीट काढलं. वर तिचं नाव छापलेलं, इंग्रजीत, वळणदार अक्षरात. आतली कॅप्सूल काढून तिने पाण्याबरोबर घेतली. मी सहज विचारलं, "कसली गं गोळी?"

"पिंपल्सची. जेवणानंतरच घ्यायची असते."

आमच्या धंद्यातल्या माणसाला एक खोड असते. कुणाकडेही गेलं तरी टेबलावरची स्ट्रिप उलटून बघायची. मी पाकीट मागून घेतलं. आतल्या स्ट्रिपवर लिहिलं होतं, आयसोट्रेटिनॉइन, २० मिलिग्रॅम.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हे औषध वाईट नाही. चेहऱ्यावर गाठी येतात, खड्डे पडतात अशा हट्टी मुरमांवर ते जेवढं काम करतं तेवढं दुसरं क्वचितच करत असेल. अमेरिकेत १९८२ साली त्याला मान्यता मिळाली आणि जगभर लाखो लोकांनी ते घेतलंय. पण ते चालू असताना बाईला दिवस राहिले तर गर्भाच्या मेंदूत, हृदयात, चेहऱ्यात, कानांत व्यंग येण्याचा मोठा धोका असतो. थोडे दिवस घेतलं असलं तरीही. म्हणून अमेरिकेत २००६ पासून या एका औषधासाठी वेगळी नोंदणी आहे. सुरू करण्याआधी गर्भ नसल्याच्या दोन तपासण्या, मग दर महिन्याला तपासणी, गर्भनिरोधाची दोन साधनं, आणि हे सगळं नोंदल्याशिवाय दुकानदाराला गोळी देता येत नाही. बंद केल्यावरही निदान एक महिना थांबायचं, मग मुलाचा विचार करायचा. आपल्याकडे ते शेड्यूल एचमध्ये आहे. म्हणजे रजिस्टर्ड डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही.

हे सगळं मला पाठ आहे. आणि तरी मी भाचीला विचारू शकलो नाही. तीस वर्षं काउंटरवर अनोळखी बायकांना शांतपणे प्रेग्नन्सी किट देणारा मी, मामा म्हणून गप्प बसलो. उठलो, स्वयंपाकघरात गेलो आणि बायकोला म्हटलं, "तिला आत बोलाव आणि विचार." पाचेक मिनिटांनी बायको बाहेर आली ती तोंड पडलेलंच. दोघं दोन महिन्यांपासून चान्स घेत होते. कॅप्सूल सुरू होऊन बावीस दिवस झाले होते. आणि पाळी सहा दिवस पुढे गेली होती.

रात्री दहा वाजता जाऊन मी दुकानाचं शटर अर्धं वर केलं, किट घेतलं आणि भाचीच्या नवऱ्याच्या हातात ठेवलं. भाऊबीजेची ओवाळणी म्हणून त्याला काय वाटलं असेल कोण जाणे. सकाळी तिचा मेसेज आला, एकच रेघ आली. पण एवढ्या लवकर एका रेघेवर भरवसा ठेवायचा नसतो. चार दिवसांनी पुन्हा बघितलं, पुन्हा एकच. पाचव्या दिवशी पाळी आली. मधले पाच दिवस मी बहिणीशी फोनवर दिवाळीच्या फराळाबद्दल बोलत होतो. तिला अजून यातलं काही माहीत नाही. ती फेसबुकवर नाही. असती, तर ही पोस्ट नसती.

आता ही कॅप्सूल तिच्यापर्यंत आली कशी? मी चिडून विचारलं होतं, "असलं औषध ऑनलाइन मागवायचं असतं का?" ती म्हणाली, "मामा, मी औषध मागवलंच नव्हतं. मी किट मागवलं होतं."

तिथून मला कळायला लागलं. तिला रील दिसलं. तिच्याच वयाची मुलगी, आरशासमोर उभी, आधीचा चेहरा आणि नंतरचा चेहरा. खाली लिहिलेलं, तुमच्या त्वचेची चाचणी मोफत करा. औषधाचं नाव नाही. औषध हा शब्दच नाही. हिने दाबलं. अकरा-बारा प्रश्न आले. झोप किती, पाणी किती पिता, तेलकट खाता का. त्यातच एक प्रश्न होता, तुम्ही गरोदर आहात का? हिने नाही लिहिलं. खरंच नव्हती. होण्याचा विचार आहे का, हे कुणी विचारलं नाही. मग चेहऱ्याचे तीन फोटो मागितले. थोड्या वेळाने चॅटवर कुणी डॉक्टर आले, तिला नमस्कार केला आणि तिच्यासाठी खास किट तयार झाल्याचं कळवलं. फेसवॉश, जेल, सनस्क्रीन आणि कॅप्सूल. चिठ्ठी पीडीएफमध्ये होती, पार्सल लागल्यावर आली. ती उघडून बघावी असं तिला वाटलंही नाही. स्ट्रिपवर गर्भाबद्दलचा इशारा होता, बारीक का होईना होता. पण स्ट्रिप त्या गुलाबी पाकिटात, आणि पाकिटावर फक्त तिचं नाव.

कंपनीचं नाव लिहिणार नाही. एक तर माझ्याकडे पुरावा म्हणून एका मुलीचा फोन आहे, आणि दुसरं म्हणजे असं एकच दुकान नाही. नाव लिहिलं की त्या एकाला चार शिव्या पडतील आणि बाकीचे तसेच चालू राहतील.

आता कायदा बघू. तो आपल्याकडे आहे, आणि जुना आहे. १९५४चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा. त्यातली जाहिरातीची व्याख्या प्रत्येकाने एकदा वाचावी. नोटीस, परिपत्रक, लेबल, वेष्टन, तोंडी घोषणा, आणि शिवाय प्रकाश, ध्वनी किंवा धूर यांच्या साहाय्याने केलेली कोणतीही जाहीर सूचना. धूर! आकाशात विमानाने धुराची अक्षरं काढून कुणी औषध विकलं तर तेही सुटता कामा नये, एवढा विचार त्या लोकांनी करून ठेवला होता. रील म्हणजे काय, प्रकाश आणि ध्वनीच की. व्याख्येत बसतं. त्या कायद्याच्या यादीत ५४ आजार आहेत. मधुमेह आहे, रक्तदाब आहे, काचबिंदू आहे, लठ्ठपणा आहे, उंची वाढवणंही आहे. यांच्यावरच्या उपचाराची जाहिरात सामान्य लोकांसमोर करायची नाही. औषधाची माहिती फक्त डॉक्टरला, तीही खाजगीरीत्या पाठवायला मुभा आहे. हमदर्द दवाखान्याने या कायद्याला आव्हान दिलं तेव्हा १९५९ साली सुप्रीम कोर्टाने एक-दोन तुकडे रद्द केले, पण मूळ हेतू उचलून धरला. लोकांनी मनाने औषधं घेऊ नयेत हा हेतू, आणि असली जाहिरात म्हणजे धंदा आहे, भाषणस्वातंत्र्य नव्हे. पुढे औषध नियमांतही अट आली, की एच, एच-वन आणि एक्स या शेड्यूलमधल्या औषधांची जाहिरात केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय करता येणार नाही.

शिक्षा मात्र १९५४चीच आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. २०२० साली सरकारने एक मसुदा काढला होता, आजार ५४चे ७८ करायचे, पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षं आणि दहा लाखांपर्यंत दंड. तो मसुदाच राहिला.

म्हणजे कागदावर सगळं बंद आहे. मग रील चालतं कसं? माझ्या ओळखीचे एक निवृत्त औषध निरीक्षक आहेत. त्यांच्याकडे गेलो, भाचीने पाठवलेले स्क्रीनशॉट दाखवले. त्यांनी चष्मा वर केला, दोनदा बघितलं आणि म्हणाले, "यात औषधाचं नाव दाखव."

नव्हतंच.

"मग जाहिरात कशाची झाली?"

"पिंपल्सची."

"पिंपल्सची जाहिरात करायला बंदी नाहीये रे."

हीच ती मेख. औषधाची जाहिरात करायची नाही ना, मग आजाराची करा. नाव न घेता लाज विका, काळजी विका. गिऱ्हाईक आलं की डॉक्टरही आपलाच, चिठ्ठीही आपलीच, गोळीही आपलीच. डॉक्टरसाठी २५ मार्च २०२०च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचना आहेत, लॉकडाऊन लागला त्याच दिवशी आलेल्या. त्यांत लिहिलंय, की डॉक्टरने जाहिरात करून किंवा आमिष दाखवून टेलिमेडिसिनसाठी पेशंट गोळा करायचे नाहीत. डॉक्टर करतच नाही! त्याला कामावर ठेवणारी कंपनी करते. पाटी लावायची नाही ही अट डॉक्टरला, होर्डिंग लावायची मोकळीक मालकाला.

टेकडीवर आमचा सकाळचा एक कट्टा आहे. सात-आठ जण, बहुतेक निवृत्त. तिथे मी हा विषय काढला. मला वाटलं होतं सगळे माझ्या बाजूने उभे राहतील. छे. पुण्यात एका बाजूने सगळे कधी उभे राहिलेत?

एक काका सहा महिने न्यू जर्सीला मुलाकडे राहून आलेत. (आमच्या कट्ट्यावर न्यू जर्सीला न गेलेला मी एकटाच.) ते म्हणाले, "अरे, तिकडे टीव्हीवर राजरोस औषधांच्या जाहिराती लागतात. बातम्यांच्या मध्ये दर पाच मिनिटांनी. आजी-आजोबा होडीत बसलेत, नातवंडांबरोबर पतंग उडवताहेत, आणि मागे एक माणूस भराभर तोटे वाचतोय. चक्कर येऊ शकते, लिव्हर खराब होऊ शकतं, क्वचित मृत्यू. आम्ही हसायचो. पण निदान नाव तरी कळायचं."

जगात अमेरिका आणि न्यूझीलंड या दोनच देशांत चिठ्ठीवरच्या औषधांची अशी उघड जाहिरात चालते. अमेरिकेत १९९७ साली नियम सैल झाले आणि टीव्ही भरून गेला. त्याचं काय होतं हे मी एकदा काउंटरवर बसून बघितलंय. व्हायॉक्स नावाची सांधेदुखीची गोळी होती, औषध रोफेकॉक्सिब. तिकडे २००० साली तिच्या ग्राहकांसमोरच्या जाहिरातीवर कंपनीने १६ कोटी डॉलर खर्च केले होते. लाखो लोकांनी डॉक्टरकडे जाऊन नावाने मागून घेतली. हृदयविकाराचा धोका वाढतो असं दिसल्यावर ३० सप्टेंबर २००४ला कंपनीने ती जगभरातून काढून घेतली. आपल्याकडे इतर कंपन्यांच्या रोफेकॉक्सिबवर त्याच डिसेंबरात बंदी आली. सदाशिव पेठेतल्या होलसेलरला परत करायचे खोके मी स्वतः स्कूटरवर बांधून नेले होते. तेव्हा मला वाटलं होतं, बरं झालं आपल्याकडे जाहिरातीला बंदी आहे.

पण काकांचं ते वाक्य डोक्यातून जाईना. निदान नाव तरी कळायचं. तिकडे नाव घेतलं म्हणून तोटेही वाचावे लागतात, भराभर का होईना. इकडे नाव घ्यायचं नाही, म्हणून तोटे सांगायचेही नाहीत. भाचीला त्या रीलमध्ये कुणी म्हणालं असतं, की यात आयसोट्रेटिनॉइन आहे, मूल हवं असेल तर घेऊ नका, तर ती तिथेच थांबली असती. मूर्ख नाहीये ती, इंजिनिअर आहे. बंदी असलेल्या देशातली जाहिरात तिला परवानगी असलेल्या देशातल्या जाहिरातीपेक्षाही कमी सांगून गेली. हे लिहिताना मला त्रास होतोय, कारण मी तीस वर्षं बंदीच्या बाजूचा आहे आणि आजही आहे.

कट्ट्यावरच्या एका निवृत्त शिक्षिकेने वेगळीच बाजू मांडली. त्या म्हणाल्या, "जाहिरात बघून लोक डॉक्टरकडे जात असतील तर बिघडलं कुठे? मला मेनोपॉजमध्ये काय होतंय ते चार वर्षं कुणी सांगितलं नाही. फोनवर वाचलं तेव्हा कळलं." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. माहिती मिळावी की नाही हा वादच नाही. ती देणारा त्याच वेळी गल्ल्यावर बसलेला असू नये, एवढंच मला म्हणता आलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "तुम्ही कुठे बसता?"

टोला बरोबर बसला. कारण आमचे हात काही धुतलेले नाहीत. खोकल्याला अँटिबायोटिक, अंगदुखीला ती मागची पिवळी गोळी, "काका, डॉक्टरकडे जायला वेळ नाही, तुम्हीच द्या", हे पुण्यातल्या कुठल्या मेडिकलमध्ये घडलं नाही? माझ्याकडे घडलंय. अनेक वर्षं घडलंय. १ मार्च २०१४पासून शेड्यूल एच-वन आलं, ४६ औषधं वेगळ्या यादीत गेली, पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव वहीत लिहायचं आणि वही तीन वर्षं ठेवायची, तेव्हा कुठे माझा हात आखडला. म्हणजे शहाणपण आलं म्हणून नाही, वही तपासतील म्हणून. आणि डॉक्टरच्या केबिनला चिकटून असलेलं मेडिकल, जिथे त्यांनी लिहिलेली कंपनीच फक्त मिळते, ते काय वेगळं आहे? लिहिणारा आणि विकणारा एक झाला की काय होतं ते आपण रीलच्या आधीपासून बघतोय. रीलने फक्त तिसरा माणूसही त्यातच आणला, हाक मारणारा.

भाचीला मी विचारलं होतं, स्किनच्या डॉक्टरकडे का नाही गेलीस. ती गेली होती, आधी दोनदा. दोन तास बसली, हजार रुपये दिले, डॉक्टरांनी दीड मिनिटात मान वर न करता क्रीम लिहिलं. "ॲपवर निदान रात्री अकरा वाजता कुणीतरी माझ्याशी बोलत होतं, मामा." मग मी म्हटलं, माझ्याकडे यायचंस. त्यावर ती म्हणाली, "तुझ्या दुकानात आले असते तर संध्याकाळपर्यंत आईला कळलं असतं." खोटं नाहीये. गल्लीतल्या मेडिकलवाल्याला सगळं कळतं, आणि त्याच्याकडून गल्लीला कळतं. ऑनलाइनवाल्यांनी आमच्याकडून नेलेल्या गिऱ्हाइकात सवलतीसाठी गेलेले किती आणि या एका कारणासाठी गेलेले किती, याचा हिशेब आमच्या संघटनेने कधी मांडलेला मला आठवत नाही.

संप मात्र केले. १४ ऑक्टोबर २०१५, ३० मे २०१७, २८ सप्टेंबर २०१८. तिन्ही वेळा मी दुकान बंद ठेवलं. २०१५ साली आपल्या महाराष्ट्राच्या एफडीएने स्नॅपडीलवर कारवाई केली होती, चिठ्ठीवरची औषधं साइटवर विकायला ठेवली म्हणून, थेट गुन्हा नोंदवण्यापर्यंत. तेव्हा आम्हाला वाटलं, आता सुतासारखे सरळ येतील. मग ऑगस्ट २०१८मध्ये केंद्राने ई-फार्मसीच्या नियमांचा मसुदा काढला. आम्ही त्याच्याविरुद्ध संपावर गेलो, कारण त्याने ऑनलाइन विक्रीला मान्यता मिळणार होती. पण त्या मसुद्यात एक कलम असंही होतं, की ई-फार्मसीने रेडिओ, टीव्ही, इंटरनेट, छापील किंवा कुठल्याही माध्यमात, कुठल्याही कारणासाठी औषधाची जाहिरात करायची नाही. ते कलम मी आत्ता, भाचीच्या प्रकरणानंतर, पहिल्यांदा नीट वाचलं. संपाच्या दिवशी हातात फलक होता, मसुदा वाचलेला नव्हता. ते नियम पक्के झालेच नाहीत. त्या डिसेंबरात दिल्ली हायकोर्टाने विनापरवाना ऑनलाइन विक्री थांबवायला सांगितलं, २०२०च्या लॉकडाऊनमध्ये घरपोच औषधांना परवानगी देणं भागच होतं, आणि तेव्हापासून गाडी नियमांवाचून धावतेय. आम्हाला विक्री अडवायची होती, ती अडली नाही. जाहिरात अडली असती, ती आमच्याच आरडाओरड्यात मागे राहिली.

हे सगळं आत्ताच लिहावंसं वाटलं त्याला अजून एक कारण आहे. वजनाची इंजेक्शनं. मार्च २०२५मध्ये मौंजारो आलं, सुरुवातीचा डोस साडेतीन हजारांची एक कुपी, आठवड्याला एक. जूनमध्ये वेगोव्ही आलं. आता मार्च २०२६मध्ये सेमाग्लुटाइडचं इथलं पेटंट संपतंय आणि बऱ्याच भारतीय कंपन्या स्वस्त आवृत्त्या घेऊन तयार बसल्यात. स्वस्त होणं चांगलंच आहे. ज्यांना खरंच गरज आहे, शुगर आटोक्यात नाही, वजनामुळे गुडघे आणि हृदय थकलंय, त्यांच्यासाठी हे मोठं औषध आहे, आणि साडेतीन हजारांची कुपी दर आठवड्याला कोणाला परवडते? लठ्ठपणा हा आजार आहे, आळस नव्हे, हेही खरं. पण लठ्ठपणा हा आजार आहे, डॉक्टरांशी बोला, असं सांगणाऱ्या जाहिराती एवढ्या संख्येने दिसायला लागल्या त्या औषध बाजारात आल्यावरच. त्याआधी काय, पुणेकर बारीक होते? आणि आठवा, लठ्ठपणा ५४च्या यादीत आहे. म्हणून नाव नाही. फक्त आजार.

डिसेंबरात एक बाई काउंटरवर आल्या. मुलीचं लग्न फेब्रुवारीत, त्यांना साडीत बारीक दिसायचं होतं. फोन पुढे केला, "हे इंजेक्शन द्या." चिठ्ठी? "ॲपवर आहे, आत्ता काढून देते, दहा मिनिटं थांबा." खरंच दहा मिनिटांत काढून दिली. डॉक्टर कुठल्या तरी दुसऱ्या राज्यातले, रजिस्ट्रेशन नंबर होता, सगळं रीतसर. मी विचारलं, पित्ताशयाचा काही त्रास? त्या म्हणाल्या, "खडे आहेत, पण त्रास नाही. त्यांनी विचारलं नव्हतं." मी दिलं नाही. त्या चिडून गेल्या. समोरच्या चौकात मिळालं असणार, किंवा घरी आलं असणार. या पोस्टवर कुणी मला शाबासकी द्यायच्या आधी सांगतो, त्यांना वजनाचं इंजेक्शन नाकारणारा मी त्याच आठवड्यात एका ओळखीच्याला चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी देता देता थांबलो होतो. बायको शेजारी उभी होती म्हणून थांबलो.

७ मे २०२४ला पतंजलीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं, की दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत दिसणारे सेलिब्रिटी आणि इन्फ्लुएन्सरही तितकेच जबाबदार. त्याच खटल्यात दोन आठवडे आधी कोर्टाने विचारलं होतं, माफीची जाहिरात तुमच्या मालाच्या जाहिरातीएवढी मोठी आहे का? मला तो प्रश्न फार आवडला होता. पण रीलची माफी केवढी मोजायची? ते नंतर पुन्हा दिसेलच असं नाही. भाचीने दुसऱ्या दिवशी ते शोधलं, सापडलं नाही. तिला आता दुसऱ्याच मुलीचं दिसतं, केसगळतीचं.

तिने त्या ॲपला सगळं सविस्तर लिहिलं होतं. कोणतं औषध, किती दिवस, पाळी पुढे गेली, मला याची कल्पना द्यायला हवी होती. दोन दिवसांनी उत्तर आलं. तुमच्या गैरसोयीबद्दल खेद आहे, तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, आणि पुढच्या किटवर २० टक्के सवलतीचं कूपन. कूपनला महिनाअखेरची मुदत होती.

मी तक्रार लिहायला घेतलीय. निरीक्षकसाहेब मदत करताहेत. स्क्रीनशॉट, पीडीएफची चिठ्ठी, बिल, पाकिटाचा फोटो, स्ट्रिपचा फोटो, सगळं लावलंय. मजकूर झाला. विषयाच्या ओळीत 'अमुक औषधाच्या आक्षेपार्ह जाहिरातीबाबत' असं लिहायचा प्रघात आहे, तिथे अडलोय. जाहिरातीत औषध नाही, आणि जे औषध आहे त्याची जाहिरात नाही. सध्या 'किटबाबत' एवढंच लिहून ठेवलंय.

तुमच्याकडे असं काही आलं असेल तर स्क्रीनशॉट तारखेसकट जपून ठेवा, रील जातं. आणि गोळ्यांची नावं मला इथे विचारू नका. चिठ्ठी घेऊन दुकानात या. दुपारी एक ते चार सोडून.